एका रविवारचं भरलेलं चर्च

मंडळीचं वय दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखता येईल, असा माझा सुरुवातीचा अंदाज होता. तो चुकला. शहरातल्या बहुतेक चर्चमध्ये चपला काढतच नाहीत. नंतर किल्लीची खूण सापडली, ती मात्र आजवर खोटी ठरलेली नाही. वाढत्या मंडळीत किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच नक्की माहीत नसतं. स्थिरावलेल्या मंडळीत किल्ली कोणाकडे असावी यावर ठराव झालेला असतो. ओसरत्या मंडळीत प्रत्येकाकडे एकेक किल्ली असते.

'मंडळी' हा शब्द इथे घरी आलेल्या पाहुण्यांसाठी नाही. एका चर्चच्या सर्व सभासदांना मिळून मंडळी म्हणतात. इमारत ते चर्च, माणसं ती मंडळी. रविवारी होते ती उपासना, ती चालवणारे ते पाळक, आणि कारभार पाहणारी ती पंचकमिटी. एवढे शब्द पुरेत.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. एका दैनिकात उपसंपादक होतो आणि निवृत्तीनंतर स्मरणिका करतो. बँका, शाळा, वाचनालयं, तालमी, ज्यांची पन्नास किंवा शंभर वर्षं भरतात त्यांची. चर्चची कामं आली ती एका जुन्या सेक्रेटरींमुळे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या दैनिकात नाताळच्या उपासनांच्या वेळा माझ्या हातून कधी चुकल्या नव्हत्या. पत्रकारितेत याहून मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही.

स्मरणिकेचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा साधं असतं. आधी शुभेच्छा, मग इतिहास, मग फोटो, मधेमधे जाहिराती आणि शेवटी 'आज आणि उद्या' नावाचं प्रकरण. इतिहासासाठी वयोवृद्धांना भेटायचं आणि त्यांनी सांगितलेलं दफनभूमीतल्या दगडांशी ताडून पाहायचं. दगड वर्षं सहसा चुकवत नाहीत. गुणवर्णनाच्या बाबतीत मात्र तेही विश्वासार्ह नसतात. शेवटच्या प्रकरणात भवितव्य उज्ज्वल असतं. ते कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत उज्ज्वलच असतं. बुडालेल्या एका पतपेढीचंही होतं.

या कामातून एक नियम हाती लागला. वाढत्या मंडळीला स्मरणिका लागत नाही.

तो नियम कात्रजच्या पुढे, टेकडीच्या पोटाशी असलेल्या एका हॉलमध्ये सिद्ध झाला. खाली फरशीचं गोदाम, वर पत्र्याचा हॉल, शेजारी जागामालकांचा गोठा. दहाव्या वर्धापनदिनाला छोटं पुस्तक हवं म्हणून पाळकांनी बोलावलं. पाळक तिशीतले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मुलाखतीच्या वेळी त्यांच्या फोनवर सतत कोणीतरी असे. कोणाला भाड्याची खोली हवी होती, कोणाच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, कोणाचा टेम्पो बंद पडला होता. तिसऱ्या भेटीत त्यांनी स्वच्छ सांगितलं, "काका, इतिहासाचं नंतर बघू. आधी पार्किंग सुटू दे."

तिथली माणसं जालन्याहून, नगरहून, ओडिशातून, कुठून कुठून आलेली होती. एकमेकांना आडनाव विचारत नसत, कुठल्या स्टॉपला उतरता ते विचारत. मागे मुलं रडत, पुढे ड्रम वाजे, आणि दोन्ही बाजू आपापलं काम प्रामाणिकपणे करत. आवाजाबद्दल तक्रार आहे का, असं मी जागामालकांना विचारलं. ते शेतकरी घरातले, बोलणं बेताचं. म्हणाले, "लोकं चांगली हायेत. पहिल्या वर्साला म्हशी बिचकत व्हत्या. आता गाणं सुरू झाल्याबिगर पान्हवत न्हाईत." ते पुस्तक निघालं नाही. मंडळी आता तिथून दुप्पट मोठ्या हॉलमध्ये गेली आहे. म्हशींचं काय झालं, ते कळलं नाही.

दुसरं टोक पाहण्याआधी मधला टप्पा सांगायला हवा, कारण बहुतेकांचं आयुष्य मधल्या टप्प्यातच जातं. मंडळी स्थिरावली की तिला घटना मिळते, उपसमित्या मिळतात आणि भांडणं सभ्य होतात. अशा एका मोठ्या मंडळीत मी दीड वर्ष स्मरणिकेचं काम केलं. त्यातला मोठा काळ मुखपृष्ठावर गेला. एका गटाला घंटेचा मनोरा हवा होता, दुसऱ्याला नवं सभागृह, कारण मनोरा एकाच्या आजोबांनी बांधवला होता आणि सभागृह दुसऱ्याच्या मेव्हण्याने. अखेर मुखपृष्ठ कोरं निळं छापलं. त्याच मंडळीत उपासनेला बाजाची पेटी असावी की कीबोर्ड, हा वाद होता. मतदान झालं, समसमान मतं पडली, दोन्ही वाजवावीत असा ठराव झाला. दोन्ही वाजतात. एकाच वेळी.

या भांडणांना मी त्या काळी कंटाळलो होतो. तिसऱ्या प्रकारची मंडळी पाहिल्यावर त्यांची किंमत कळली. मुखपृष्ठावरून भांडायला दोन गट लागतात, आणि दोन गटांना माणसं लागतात.

वर्तमानपत्रात चर्च उभं राहिल्याची बातमी येते, फुटल्याची येते. ओसरल्याची येत नाही, कारण ते कोणत्याही एका दिवशी घडत नाही. बातमीला दिवस लागतो.

ही तिसरी मंडळी लष्कर भागाच्या कडेला होती. दगडी चर्च, कौलारू छप्पर, आवारात चिंच. एके काळी समोर मिशनचा दवाखाना होता. मागच्या बाजूला दवाखान्याच्या, शाळेच्या आणि छापखान्याच्या लोकांची घरं होती, एकेक खोली आणि पडवी. परिचारिका, शिक्षक, कंपोझिटर अशी सगळी माणसं घंटा ऐकून चालत उपासनेला येत. दवाखाना बंद पडला, छापखाना संपला, घरं पाडली. लोकांनी वाकडला, वाघोलीला, उंड्रीला फ्लॅट घेतले. कोणी रागावून गेलं नाही. कोणी देव सोडला नाही, एका खोलीचं घर सोडलं. रविवारी सकाळी वाकडहून तिकडे जायचं म्हणजे मुलांना अंघोळी घालून दोन पूल ओलांडायचे. हळूहळू ज्याने त्याने आपल्या घराजवळचं चर्च धरलं. उरली ती दहा-बारा माणसं, सगळी साठीच्या पुढची, सगळ्यांकडे किल्ल्या.

शतकोत्तर रौप्यमहोत्सवासाठी त्यांनी मला बोलावलं. सेक्रेटरी साळवे सर निवृत्त गणित शिक्षक. पण खरा कारभार सिस्टरांचा. सिस्टर म्हणजे एस्तेरबाई रणपिसे, त्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या शेवटच्या मेट्रन. वय ऐंशीच्या आसपास, पांढरी साडी, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. आवारातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं त्यांनी केली होती आणि बोलताना त्या माणसाची ओळख तशीच करून देत. कोणी पायाळू, कोणी कमी दिवसांचा, कोणी नाळ गुंडाळून आलेला. त्यातला एक आता साठीचा आणि बँकेतून निवृत्त झालेला होता, तरी त्याची ओळख बदलली नव्हती.

पाळक गायकवाड चाळिशीचे होते. ते मध्यवर्ती मंडळाने दिलेले होते. याचा अर्थ असा, की ज्या मंडळ्यांना स्वतःचा पाळक ठेवणं झेपत नाही, त्यांना हे मंडळ पाळक देतं. ज्यांना झेपतं त्यांनी आपली व्यवस्था आपण करायची. गायकवाड स्कूटरवरून घरोघर जात. साळवे सरांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ते साखरेबद्दल खोटं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. अंथरुणाला खिळलेल्या दोघांना ते घरी जाऊन प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, देत.

एकदा मी सिस्टरांना विचारलं होतं, की एवढ्या कमी माणसांसाठी पाळक कशाला, शेजारच्या चर्चमध्ये सामील का होत नाही. मुलाखतीत असे प्रश्न विचारावे लागतात. त्यांनी रागावून नाही, रुग्णाला पथ्य सांगावं तसं सांगितलं.

"आम्ही दहा-बारा जण उरलोय. प्रत्येकाला माती द्यायला ओळखीचा माणूस पाहिजे. तेवढंच काम आहे, फार वर्षांचं नाही."

महोत्सवाची तयारी सुरू झाली. मुख्य दिवशी मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष येणार होते. पंचकमिटीच्या बैठकीत सिस्टरांनी एकच मुद्दा मांडला. इथे बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला बोलवायचं, तो आता कुठल्याही चर्चला जात असो. गायकवाडांनी हळूच सुचवलं, की नेहमीची माणसं आणि जवळचे नातेवाईक एवढेच बोलावले तर अध्यक्षांना खरी परिस्थिती दिसेल. सिस्टर म्हणाल्या, "पाळकसाहेब, पाहुणा येणार आणि घर रिकामं दाखवायचं?" गायकवाड पुन्हा एकदा म्हणाले, की सिस्टर, विचार करा. त्यावर साळवे सरांनी चहा मागवला. आपल्याकडे बैठकीत चहा आला की विषय संपतो.

व्हॉट्सॲपवर गट निघाला. वाकडहून माणसं आली, वाघोलीहून आली, नगरहून एक मिनीबस आली, बंगळूरहून तिघे आले. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणाव्या लागल्या आणि त्याही कमी पडल्या. साळवे सरांचा धाकटा मुलगा कित्येक वर्षांनी आला आणि अगदी मागे, दाराशी उभा राहिला. सरांशी त्याचं कशावरून बिनसलं होतं ते मी विचारलं नाही. स्मरणिकेत त्याला जागा नव्हती. सिस्टरांची मुलगी वाकडच्या एका मोठ्या चर्चमध्ये गाते, तिने इथे जुन्या चालीवर गीत म्हटलं. दगडी भिंतींत इतका आवाज गेली तीस वर्षं घुमला नसेल. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात टाकला. इतकी जिवंत मंडळी त्यांनी या दौऱ्यात पाहिली नव्हती, असं ते म्हणाले. नंतर पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो निघाला, मग मटण-भात आणि बुंदी. सिस्टरांनी मला विचारलं, हे सगळं छापणार ना. मी म्हणालो, छापणार. गायकवाड पंगतीत वाढत होते.

पुढच्या रविवारी उपासनेला दहा-बारा जण होते.

मग साळवे सरांना मध्यवर्ती मंडळातून फोन आला. आधी अभिनंदन होतं. त्यामागून निर्णय होता. मंडळी स्वावलंबी गटात घेतली आहे, गायकवाडांची बदली नाताळनंतर बीडकडच्या एका गावी होईल, यापुढे पाळकाची व्यवस्था मंडळीने स्वतः करावी. सरांनी सवयीने आभार मानले आणि फोन ठेवल्यावर काय ऐकलं ते त्यांच्या लक्षात आलं.

सिस्टर, सर आणि मी अध्यक्षांच्या कार्यालयात गेलो. मला त्यांना स्मरणिकेच्या प्रती द्यायच्या होत्या, म्हणून एकच रिक्षा केली. अध्यक्षांनी आमचं स्वागत मनापासून केलं. माणूस सरळ होता, आणि ही सगळी अडचण त्यांच्या सरळपणातूनच आली होती.

सरांनी सुरुवात केली. त्या दिवशीची गर्दी म्हणजे, काय आहे, ती रोजची नव्हती. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. मग त्या गावाबद्दल सांगितलं. तिथे तीन वर्षं पाळक नाही. कोणी गेलं तर पलीकडच्या गावाहून माणूस बोलवावा लागतो, आणि नदीला पाणी असलं तर तो येत नाही. सिस्टरांनी हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि त्यामुळे पुढचं बोलणं अवघड झालं.

अध्यक्षांनी फोनमध्ये पायऱ्यांवरचा तो फोटो काढला आणि फोन सिस्टरांसमोर ठेवला. "सिस्टर, आपण म्हणता ही आपली मंडळी नाही. मग ही कोण आहेत?"

सिस्टरांनी चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा केला, कसा करायचा ते त्यांना माहीत होतं.

"ही माझी मुलगी. हा तिचा नवरा. हा पंडितांचा, पायाळू. या दोघी जुळ्या, धाकटी निळी पडली होती, श्वास घेईना. हे बंगळूरचे, यांची आई आमच्याकडे वॉर्डात होती…"

त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. अध्यक्षांनी मधे थांबवलं नाही. फोटो संपल्यावर त्यांनी विचारलं, "यांचे बाप्तिस्मे कुठे झाले?"

"आमच्याकडेच की."

"मग एक करा. यातले कोण आपले नाहीत, तेवढं सांगा. निम्मे जरी नाहीत म्हणालात, तरी मी बदली आत्ता थांबवतो. माझ्या अधिकारात आहे ते."

हा प्रस्ताव न्याय्य होता. बातम्या तपासण्यात पस्तीस वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, वस्तुस्थितीही त्याच बाजूची होती. त्यातले नव्वद टक्के लोक दुसरीकडे सभासद होते.

सिस्टरांनी पुन्हा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा नाही. हा केटरर."

"आणखी?"

सर खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, माझा धाकटा घ्या. तो आठ वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता. त्याला नाही म्हटलं तरी—"

"सर, गप्प बसा." सिस्टरांनी त्यांच्याकडे न बघता म्हटलं. "त्याचं बाळंतपण मी केलंय."

फोन त्यांनी टेबलावरून अध्यक्षांकडे सरकवला. "बाकी सगळी आमची, साहेब."

अध्यक्षांनी आमच्यासाठी चहा मागवला. स्मरणिकेचं मुखपृष्ठ छान झालंय, असं ते म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते. निर्णय मात्र त्यांनी बदलला नाही. तो बदलण्याचं कारण त्यांना कोणी दिलं नव्हतं.

परतताना रिक्षात सर चिडलेले होते. ते म्हणाले, तुम्ही पाच-पंचवीस नावं घेतली असती तर काय बिघडलं असतं, त्यांना कळलंही नसतं. सिस्टर म्हणाल्या, आपल्याला कळलं असतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

या कामात मी पुष्कळ मंडळ्यांचा इतिहास लिहिला. पाळक आला कधी आणि गेला कधी, छप्पर बदललं कधी, हे सगळं बिनचूक दिलं. एखादी मंडळी संपते म्हणजे नक्की काय संपतं, ते मला लिहिता आलेलं नाही. इमारत बहुधा राहते. माणसंही असतात, फक्त दुसरीकडे. खंत वाटते ती याची, की 'आज आणि उद्या' या प्रकरणात 'आज'ला मी कधी अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा दिली नाही.

नाताळ झाला. गायकवाड निघण्याआधीच्या आठवड्यात उरलेल्या प्रती द्यायला मी चर्चमध्ये गेलो. आत सिस्टर पुढे उभ्या होत्या, शेजारी गायकवाड, आणि पहिल्या बाकावर एकटे साळवे सर. पाळक नसेल तिथे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीही दफनविधी चालवू शकतो, तशी सोय आहे. ती शिकवणी चालली होती. उपासनेच्या पुस्तकात कुठे थांबायचं, कुठे सगळ्यांनी उभं राहायचं, मूठभर माती केव्हा टाकायची, हे गायकवाड बोट ठेवून दाखवत होते. पुस्तकात जिथे नाव घ्यायची जागा मोकळी असते, तिथे सरावासाठी कोणाचं तरी नाव हवं होतं. सरांनी आपलं दिलं होतं.

सिस्टर वाचत होत्या. औषधाची मात्रा वाचावी तसा आवाज, स्पष्ट आणि सपाट. नावापाशी आल्यावर तो खाली गेला.

सरांनी हात वर केला, वर्गात करावा तसा. "सिस्टर, नाव नीट ऐकू आलं नाही."

"तुमच्या डाव्या कानाचा दोष आहे तो."

"कानाचं सोडा. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."

सिस्टरांनी चष्म्यावरून रिकाम्या चर्चकडे पाहिलं. "मागच्या बाकावर कोण असणार आहे?"

"माझा धाकटा," सर म्हणाले. "तो दाराशीच बसेल."

गायकवाडांनी पुस्तकाचं पान एक मागे उलटलं. सिस्टर घसा खाकरून पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागल्या, आणि या वेळी नाव आवारातल्या चिंचेपर्यंत ऐकू गेलं.